सबवूफर, गिलावा आणि छताचे स्क्रू: एका रो-हाउसमधले प्रकरण

पुण्याच्या पश्चिम उपनगरातले एक दुमजली रो-हाउस. आरसीसी सांगाडा, बाहेरच्या भिंती ६ इंची, आतल्या ४ इंची विटांच्या. गच्चीखालची २० बाय १४ फुटांची खोली होम थिएटरसाठी घेतली. स्लॅबपर्यंतची उंची १० फूट आणि स्लॅबखाली ८ इंच सोडून जिप्सम बोर्डचे फॉल्स सीलिंग. मागच्या ४ इंची भिंतीपलीकडे बाथरूम, खाली दिवाणखाना, एका बाजूला शेजाऱ्यांशी सामाईक भिंत.

थिएटर डिसेंबरात सुरू झाले. मेअखेरीस तक्रारींची यादी झाली ती अशी. मागच्या भिंतीवर बीमच्या बरोबर खाली आडवा तडा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याच भिंतीला कोपऱ्यातल्या कॉलमलगत उभी भेग. फॉल्स सीलिंगच्या सांध्यांवर बारीक रेषा, पडद्याकडच्या भागात स्क्रूंची डोकी पुट्टी फोडून बाहेर आलेली, दोन डाउनलाइट स्प्रिंगमधून सुटून वायरीला लोंबणारे. बाथरूमची एक टाइल सुटून बेसिनवर पडली आणि बेसिनला चीर गेली. प्रोजेक्टरचे चित्र स्फोटाच्या दृश्यात थरथरायचे. खाली शोकेसमधले काचेचे पेले सरकत सरकत कडेला यायचे.

बिल्डरच्या माणसाने सगळे खापर सबवूफरवर, म्हणजे खोल बेस वाजवणाऱ्या स्पीकरवर, फोडले. थिएटर बसवणाऱ्याने बांधकामावर बोट ठेवले. दोघांचेही अर्धे खरे होते. पण कोणते अर्धे कोणाचे, हे ठरल्याशिवाय दुरुस्तीला हात घालणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होते. नुसती पुट्टी भरून रंग मारला असता, तर पुढच्या उन्हाळ्यात तोच तडा त्याच जागी पुन्हा दिसला असता.

यंत्रणा आणि तिचा जोर

सबवूफरच्या दोन पेट्या होत्या. प्रत्येकीत १८ इंचांचे दोन ड्रायव्हर (कोन हलवून आवाज काढणारे भाग), दोन्ही पुढच्याच बाजूला. पेटी पोर्टेड, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेली, १७ हर्ट्झला (सेकंदाला १७ कंपनांना) ट्यून केलेली, वजन सुमारे ९० किलो. दोन्ही पेट्या पडद्याखालच्या दोन कोपऱ्यांत. रिसीव्हरचा आवाज नेहमी उणे ५ वर, म्हणजे सिनेमासाठी ठरलेल्या रेफरन्स पातळीपेक्षा ५ डेसिबल खाली, आणि सबवूफरचा ट्रिम (त्याची वेगळी पातळी) कॅलिब्रेशनपेक्षा १० डेसिबल वर चढवलेला.

याचा हिशेब सोपा आहे. रेफरन्स पातळीला एलएफई, म्हणजे फक्त खोल बेससाठीच्या चॅनेलचे शिखर बैठकीच्या जागी ११५ डेसिबल धरलेले असते. त्यातून ५ वजा केले, १० मिळवले की झाले १२०. प्रत्यक्ष मोजणीत सोफ्यावर ११९ आणि मागच्या भिंतीलगत १२३ डेसिबल मिळाले. ही मोजणी वेटिंगशिवायची, म्हणजे कानाप्रमाणे खालचे सूर कमी धरणाऱ्या फिल्टरशिवायची आहे, आणि या तपासात ती तशीच हवी. साध्या मीटरवरचे सी वेटिंग २० हर्ट्झला सुमारे ६ डेसिबल कमी दाखवते, आणि ए वेटिंग तर तब्बल ५० डेसिबल. मोबाइलमधल्या साउंड मीटर अ‍ॅपवर ए वेटिंग लावून ‘७० डेसिबल तर येतोय’ म्हणणाऱ्याला खोलीत काय चालले आहे याचा पत्ताच लागत नाही.

१२० डेसिबल म्हणजे २० पास्कल, १२३ म्हणजे २८ पास्कल. मागची भिंत पावणेबारा चौरस मीटर. तिच्यावर सुमारे ३३० न्यूटन, म्हणजे ३३-३४ किलो वजनाइतका जोर. शिखराला ४७ किलोच्या आसपास, आणि तोही सेकंदाला २५-३० वेळा आत-बाहेर. एका सिनेमात २८ हर्ट्झच्या आसपासचा जोरदार बेस मिळून वीस मिनिटे वाजला, तर भिंतीला ३३,००० हून जास्त धक्के बसतात.

हा आकडा ऐकून घाबरायला होते, म्हणून त्याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवायला हवा. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरला आहे. त्याचा दाब होतो सुमारे ९१० पास्कल. इमारतीचा सांगाडा आणि बाहेरच्या भिंती या हिशेबाने बांधल्या जातात, त्यामुळे २८ पास्कलने कॉलम-बीमला काही होत नाही. होम थिएटरने स्लॅब कोसळेल ही भीती मनातून काढून टाकावी. प्रश्न आहे तो आतल्या गोष्टींचा. खोलीतली ४ इंची पार्टिशन भिंत, टांगलेले छत, चिकटवलेली टाइल, यांच्यावर आडवा जोर कधी येईल असे बांधताना कोणीच धरलेले नसते. त्यांच्यावर येणारा असा पहिला जोर सबवूफरचा असतो.

आधी आठवडाभर शांतता

तपासाची सुरुवात थिएटर बंद ठेवून केली, आणि हीच पायरी बहुतेक जण गाळतात. प्रत्येक तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहिली. आडव्या तड्यावर तीन ठिकाणी पीओपीचे पातळ, रुपयाएवढे ठिपके दिले. ठिपका चिरला की तडा हलतो आहे हे कळते. रुंदी मोजायला ०.१ मिलिमीटरच्या रेघांचे पारदर्शक क्रॅक-गेज कार्ड वापरले आणि रोज पहाटे सहाला आणि दुपारी चारला नोंद केली.

थिएटरमध्ये आठवडाभर चिटपाखरूही नव्हते. तरी तिन्ही ठिपके दुसऱ्याच दिवशी चिरले. तड्याची रुंदी पहाटे ०.३ आणि दुपारी ०.७ मिलिमीटर भरत होती. तडा उन्हाबरोबर श्वास घेत होता.

कारण गच्चीत होते. मे महिन्यात पुण्यातली उघडी गच्ची दुपारी पायाला चटके देते. काँक्रीटची वाढ दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे १० मायक्रॉन. २० फुटी म्हणजे ६.१ मीटर लांबीच्या स्लॅबचे सरासरी तापमान १५ अंशांनी वर-खाली झाले, तर लांबी ०.९ मिलिमीटरने बदलते. खालची भिंत एसीच्या गारव्यात असल्याने ती जागची हलत नाही. स्लॅब आणि त्याला जोडलेला बीम सरकतात, आणि मधला गिलावा फाटतो.

आता सबवूफरचा वाटा बघू. २४ हर्ट्झला भिंत सेकंदाला ५ मिलिमीटर कंपनवेगाने हलली, तर ती जागेवरून सरकते फक्त ०.०३३ मिलिमीटर. ऊन आणि बेस यांच्यात पंचवीस-तीसपटीचा फरक आहे. हा आडवा तडा उन्हाने पाडला, याबद्दल शंकेला जागा राहिली नाही.

मग सबवूफर निर्दोष? तसेही नाही. आठव्या दिवशी थिएटर चालू करून एक जोरदार दृश्य लावले, तेव्हा तडा रुंद झाला नाही, पण त्यातून सिमेंटची बारीक भुकटी गळू लागली. सुटलेल्या कडा एकमेकींवर घासून झिजत होत्या. भेग उन्हाने पाडली, तिचे ओठ बेसने कुरतडले. छत आणि टाइल यांचा हिशेब आणखी वेगळा निघाला.

टोन फिरवून दुखणे शोधणे

त्यासाठी सिग्नल जनरेटरवरून एकेका वारंवारतेचा शुद्ध टोन लावला. ८० हर्ट्झपासून खाली १५ हर्ट्झपर्यंत, एकेक हर्ट्झने, प्रत्येक टोन दहा सेकंद. वरून खाली येणे महत्त्वाचे, कारण पोर्टेड पेटी ट्यूनिंगच्या खाली गेली की ड्रायव्हरच्या कोनला हवेचा आधार उरत नाही आणि तो मर्यादेबाहेर हलतो. १७ हर्ट्झच्या पेटीत १२ हर्ट्झचा टोन जोरात लावून ड्रायव्हर फाडून घेणारे कमी नाहीत. टोन बदलताना आवाज पूर्ण खाली आणायचा. सोफ्याजवळची पातळी ११० डेसिबलवर धरली, आणि टोन चालू असताना खोलीत विनाकारण कोणी थांबायचे नाही असे ठरवले.

भिंतीचे कंप मोजायला महागडे यंत्र लागत नाही. फायफॉक्स हे आखेनच्या विद्यापीठाचे मोफत अ‍ॅप मोबाइलच्या अ‍ॅक्सिलरोमीटरची नोंद घेते. फोन कव्हरातून काढून दुहेरी टेपने भिंतीच्या मध्यावर घट्ट चिकटवायचा. कव्हरासकट लावला तर कव्हरच मोजले जाते. अ‍ॅप सेकंदाला २०० नमुने घेत असेल तर १०० हर्ट्झच्या आतले सगळे पकडता येते, म्हणजे आपल्या कामापुरते भरपूर. मिळालेला त्वरणाचा आकडा ६.२८ गुणिले वारंवारता याने भागला की कंपनवेग मिळतो. पातळी १० डेसिबलने वाढवली की कंपनवेग ३.१६ पट होतो, त्यामुळे ११० वरच्या मोजणीवरून १२० चा अंदाज बांधता येतो. मात्र एखादी वस्तू खुळखुळू लागली की हे प्रमाण मोडते, म्हणून शेवटी खऱ्या पातळीवर दोन-तीन सेकंदांचा टोन लावून पडताळणी केली.

तीन ठिकाणी शिखरे मिळाली. खालचा स्लॅब १९ हर्ट्झला: ०.०७५ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे १२० डेसिबलला सेकंदाला सुमारे २ मिलिमीटर. मागची भिंत २४ हर्ट्झला: सुमारे ५ मिलिमीटर. फॉल्स सीलिंग ४६ हर्ट्झला: १२ मिलिमीटर.

तुलनेसाठी दोन मोजपट्ट्या आहेत. जर्मनीच्या डीआयएन ४१५०-३ या मानकात दीर्घकाळ चालणाऱ्या कंपांसाठी राहत्या घराच्या सर्वांत वरच्या मजल्यावर ५ मिलिमीटर प्रति सेकंद ही आडव्या कंपनवेगाची मार्गदर्शक मर्यादा आहे. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सने १९८० मध्ये खाणीतल्या स्फोटांसाठी जुन्या गिलाव्याच्या घरांना १२.७ आणि जिप्सम बोर्डच्या घरांना १९ मिलिमीटर हा आकडा सुचवला होता. या मोजण्या भिंतीच्या पोटावर घेत नाहीत, सांगाड्यावर किंवा जमिनीवर घेतात, त्यामुळे आपल्या आकड्यांशी त्यांची थेट तुलना करून निकाल लावता येत नाही. पण पल्ला कळतो. स्लॅब निवांत आहे, भिंत काठावर आहे, छत त्रासात आहे.

छत ४६ लाच का? १२.५ मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डचे वजन चौरस मीटरला साधारण ८.५ किलो, आणि वरची पोकळी ०.२ मीटर. बंद पोकळीवर टांगलेल्या बोर्डची नैसर्गिक वारंवारता वजन आणि पोकळीची उंची यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने ६० ला भागून मिळते: ६० भागिले १.३, म्हणजे ४६. मोजणी आणि सूत्र जुळले. वरची बंद हवा स्प्रिंग होते आणि बोर्ड तिच्यावर नाचतो. सिनेमातल्या स्फोटांचा आणि ढोलांचा मोठा भाग ४० ते ५० हर्ट्झमध्ये असतो, म्हणून छताची सुटका नाही.

भिंतीचे गणित खोलीच्या लांबीत अडकले होते. ध्वनीचा वेग ३४५ मीटर धरला, तर ६.१ मीटर लांबीच्या खोलीचा पहिला मोड (खोलीच्या मापामुळे जास्त घुमणारा सूर) २८ हर्ट्झला पडतो आणि १४ फुटी रुंदीचा ४० ला. मोडचा दाब टोकाच्या भिंतींवर सर्वांत जास्त असतो. सोफ्यावर ११९ आणि मागच्या भिंतीवर १२३ का, त्याचे उत्तर हेच. २४ ला डोलणारी भिंत २८ च्या मोडच्या इतकी जवळ होती, की तिला विश्रांतीच नव्हती.

पेट्यांचा कंप थेट जमिनीतून जातो का, हेही तपासले. २५ हर्ट्झला १० मिलिमीटर हलणारा, सुमारे ४०० ग्रॅम हलत्या वजनाचा १८ इंची ड्रायव्हर पेटीला १० किलोचा उलटा धक्का देतो. चारही एकाच दिशेला असले की ४०. पेट्यांखाली प्लायवूडची फळी आणि अर्धवट हवा भरलेल्या स्कूटरच्या ट्यूब ठेवून तोच टोन लावला. जमिनीचे कंप सुमारे एक-तृतीयांशाने घटले, मागच्या भिंतीचे जवळपास तेवढेच राहिले. म्हणजे भिंतीला त्रास होता तो हवेतून.

बाजारात मिळणाऱ्या सबवूफरखालच्या फोम पॅडबद्दल इथेच सांगायला हवे. पॅड वजनाखाली १ मिलिमीटर दबत असेल, तर त्याची नैसर्गिक वारंवारता १६ हर्ट्झच्या आसपास येते, आणि १६ ते २० हर्ट्झला तो कंप अडवायच्या ऐवजी वाढवतो. २० हर्ट्झला खरा फायदा हवा, तर वारंवारता ७ पर्यंत खाली यायला हवी, म्हणजे आधार निदान ५ मिलिमीटर दबला पाहिजे. ते काम स्प्रिंगचे किंवा नीट निवडलेल्या रबर माउंटचे. एक इंची फोमने टिपॉयचा खुळखुळाट थांबतो, स्लॅबचा नाही.

गिलावा काढल्यावर

आडव्या तड्याच्या दोन्ही बाजूंचा ३-३ इंच गिलावा काढला. मिस्त्रीने बीम आणि विटांच्या शेवटच्या थरामध्ये स्टीलची फूटपट्टी घातली आणि ती ९० मिलिमीटर आत गेली. भिंत ११५ मिलिमीटरची. “साहेब, ही भिंत वर कुठे धरलेलीच नाही,” एवढेच तो म्हणाला, आणि तेवढ्यात सगळे आले. बीमखालच्या सांध्यात बांधताना माल भरलाच नव्हता. तोंडावर गिलावा ओढून सांधा बुजवला होता. विटा आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे गिलाव्याखाली चिकन मेशची पट्टीही नव्हती. कॉलमलगतच्या उभ्या भेगेतही तेच निघाले, शिवाय कॉलमवर टाचे (पकडीसाठी छिन्नीने पाडायचे खड्डे) मारलेले नव्हते, त्यामुळे गिलावा गुळगुळीत काँक्रीटवर नुसता टेकलेला होता.

वरची कड मोकळी असलेली भिंत तिच्या खऱ्या ताकदीपेक्षा फारच मऊ वागते. २४ हर्ट्झचे रहस्य यातच होते.

फॉल्स सीलिंग उघडले तर काम घाईचे. जिप्समच्या रूढ पद्धतीत इंटरमीडिएट चॅनेल (वरच्या आधारपट्ट्या) १२२० मिलिमीटरवर, सीलिंग सेक्शन (बोर्ड ज्यांना बसतो त्या पट्ट्या) ४५७ वर, दोन्ही कनेक्टिंग क्लिपने अडकवलेले आणि बोर्डला २५ मिलिमीटरचे स्क्रू २३० वर असतात. इथे सेक्शन ६०० वर होते, क्लिपऐवजी बाइंडिंग वायरचा फास, स्ट्रॅप हँगरच्या जागी काही ठिकाणी वायरच, आणि स्क्रू फूटभर अंतरावर. शांत बेडरूममध्ये असे छत वर्षानुवर्षे टिकते. इथे शिखराच्या क्षणी ५०-७० किलोचा जोर सेकंदाला चाळीस वेळा खाली ओढत आणि वर ढकलत होता. प्रत्येक स्क्रूला जवळपास पावणेदोनपट काम पडले, डोक्याभोवतीचा जिप्सम चुरा झाला आणि स्क्रू बाहेर आले. प्रोजेक्टरचा माउंटही याच सेक्शनला लटकवलेला होता, त्यामुळे चित्र थरथरायचे.

बाथरूमच्या टाइल नाण्याने वाजवून पाहिल्या. मागच्या भिंतीवरच्या बऱ्याच टाइल पोकळ वाजल्या. सुटलेल्या टाइलमागे मालाचे पाच गोळे होते, चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये, बाकी हवा. अशी टाइल भिंतीसोबत न हलता स्वतंत्र थरथरते आणि एकेक गोळा सोडत जाते.

दुरुस्ती

भिंतीचा वरचा सांधा कडक मालाने ठासून भरणे ही सगळ्यांची पहिली सूचना होती, आणि ती चुकीची होती. स्लॅब उन्हाने सरकत राहणारच. कडक सांधा एक तर पुन्हा फाटतो, नाही तर सरकता बीम भिंतीला ढकलतो. बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, एसपी २५ या १९८४ च्या पुस्तिकेत घरांच्या तड्यांची चर्चा आहे. पार्टिशन वरून मोकळे ठेवण्याचा सल्ला तिच्यात आहे. भिंतीला आडवा आधार द्यायचा, पण स्लॅबला सरकू द्यायचे, हा मार्ग घेतला.

सांधा साफ करून सगळीकडे सारखा १० मिलिमीटरचा केला. ५० बाय ५० बाय ३ मिलिमीटरच्या जीआय अँगलचे १५० मिलिमीटर लांबीचे तुकडे भिंतीच्या दोन्ही बाजूंना, एकाआड एक, ६०० मिलिमीटरवर लावले. प्रत्येक तुकडा फक्त बीमला, ८ मिलिमीटरच्या दोन अँकर फास्टनरने. भिंतीकडच्या पायाला एकही स्क्रू नाही. त्याच्या आणि विटांच्या मध्ये ३ मिलिमीटर निओप्रीनची पट्टी. भिंत दोन्ही बाजूंनी धरली जाते, पण बीम तिच्यावरून सरकू शकतो. सांध्यात १२ मिलिमीटरची बॅकर रॉड (फोमची दोरी) दाबून वर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचे लवचिक सीलंट भरले. दोन्ही बाजू मिळून लांबी साडेआठ मीटर. सीलंटची ६०० मिलिलिटरची एक सॉसेज (लांबट पिशवी) १० बाय १० च्या सांध्यात ६ मीटर पुरते, म्हणून दोन घेतल्या. सांध्यावरून गिलावा सलग ओढला नाही. खाच मोकळी ठेवून तिच्यावर फक्त बीमला चिकटवलेली कॉर्निस लावली, म्हणजे हालचाल दिसत नाही आणि अडतही नाही. कॉलमलगत टाचे मारले, बाँडिंग कोट दिला, २०० मिलिमीटर रुंदीची चिकन मेश खिळ्यांनी ताणून बसवली आणि दोन थरांत गिलावा केला. सात दिवस पाणी मारले.

गच्चीवर पांढरा उष्णता-परावर्तक थर दिला. रोग तिथून सुरू झाला होता, त्यामुळे हे काम टाळून चालणार नव्हते. वजन सोसत असेल तर चायना मोझेकही चालते.

छत पूर्ण उतरवले. नव्यात सेक्शन ३०० मिलिमीटरवर, स्ट्रॅप हँगरच्या जागी रबर इन्सर्टचे हँगर ९०० वर, सगळीकडे क्लिप, बोर्ड दुहेरी आणि दोन्ही थरांचे सांधे एकमेकांवर न येणारे, मधे कंप शोषणारे व्हिस्कोइलॅस्टिक डॅम्पिंग कंपाउंड, दुसऱ्या थराला स्क्रू १५० वर. २६ चौरस मीटरच्या छताला ६ बाय ४ फुटी बोर्ड एका थराला १२. दोन थर आणि तुटफूट धरून २६ आणले. भिंतीलगत ५ मिलिमीटर फट ठेवून अकूस्टिक सीलंट. वर ४८ किलो घनतेची रॉकवूल.

रॉकवूल आणि डॅम्पिंग कंपाउंड यांच्यावर पैसे वाचवू नयेत, कारण नुसते वजन वाढवून प्रश्न सुटत नाही. दुहेरी बोर्डने चौरस मीटरचे वजन साडेसतरा किलो झाले की त्याच सूत्राने वारंवारता ४६ वरून ३२ वर येते, म्हणजे बेसच्या आणखी गाभ्यात. छत जड केल्यावर त्रास वाढला, असे सांगणारे लोक याच खड्ड्यात पडलेले असतात. वारंवारता खाली जाणारच, म्हणून तिथली ऊर्जा खाणारे काही तरी छतात असायलाच हवे.

प्रोजेक्टरसाठी छतातून छिद्र पाडून थेट स्लॅबला ८ मिलिमीटरच्या चार अँकरने पाइप-माउंट. डाउनलाइटच्या कडेला पातळ गॅस्केट. पोकळ टाइल उतरवून पॉलिमर-मॉडिफाइड अ‍ॅधेसिव्हवर, खाचेच्या थापीने पूर्ण अंगाला माल लावून पुन्हा बसवल्या. शोकेसच्या काचेच्या फळ्यांखाली पारदर्शक सिलिकॉन बटणे.

आवाजाकडे सगळ्यात शेवटी वळलो, कारण बिघडलेल्या खोलीत केलेले ट्यूनिंग दुरुस्तीनंतर फुकट जाते. दोन्ही पेट्या कोपऱ्यांतून काढल्या. एक पडद्याखाली समोरच्या भिंतीच्या मध्यावर, दुसरी मागच्या भिंतीच्या मध्यावर, भिंतीपासून ६ इंच सोडून. समोर आणि मागे समान फेजमध्ये वाजणारे सबवूफर लांबीचा पहिला मोड एकमेकांत मारतात, आणि दोन्ही रुंदीच्या मध्यावर असल्याने ४० हर्ट्झचा मोड जागाच होत नाही. एवढ्या हलवण्यानेच मागच्या भिंतीवरचा २८ हर्ट्झचा दाब ८ डेसिबलने घसरला. तीच पेटी दुखऱ्या भिंतीजवळ नेण्याला घरमालकांचा विरोध होता; मोजणी पाहिल्यावर तो मावळला. उरलेला ४ डेसिबलचा उंचवटा पॅरामेट्रिक इक्वलायझरने (हवी तेवढीच वारंवारता कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) कापला, १९ हर्ट्झला ४ डेसिबलचा अरुंद कट, १५ हर्ट्झला २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा हाय-पास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर), आणि ट्रिम १० वरून ४ वर. उंचवटे गेल्यावर सोफ्यावरचा बेस सपाट झाला, खालच्या टोकाला किंचित चढता ठेवला. पातळी कमी होऊनही घरच्यांना तो आधीपेक्षा खोल वाटला. फुगलेला एकच सूर बाकीच्यांना झाकून टाकत होता.

दुरुस्तीनंतर नेहमीच्याच आवाजावर मोजले. सोफ्यावर ११४ डेसिबल, मागच्या भिंतीवर ११३. स्लॅब ०.६ मिलिमीटर प्रति सेकंद, भिंत १ च्या आत आणि तिची वारंवारता २४ वरून ३६ वर सरकलेली, छत ३४ हर्ट्झला सुमारे २. पुढचा उन्हाळा आणि पावसाळा गेल्यावर बीमखालचे सीलंट अखंड होते. छतात एकच नवी रेघ दिसली, कोव्हच्या (छतातल्या खोबणीच्या) आतल्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली. तिथे बोर्डचा सांधा नेमका कोपऱ्यावर आला होता. अशा जागी बोर्ड एल आकारात कापून सांधा कोपऱ्यापासून फूटभर लांब नेतात. तेवढा तुकडा बदलला.

सामाईक भिंतीचा प्रश्न राहिला होता. ध्वनी प्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ए ही मर्यादा आहे, आणि खासगी जागेतल्या यंत्रणेचा आवाज हद्दीवर तिच्यापेक्षा ५ ने जास्त नसावा. २० हर्ट्झचा १०० डेसिबलचा टोन ए वेटिंगवर ५० च्या आतच दिसतो. मीटर ‘पास’ म्हणेल, शेजाऱ्यांच्या कपाटाची काच मात्र खुळखुळेल. म्हणून निकष मीटरवर न सोडता शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये फोन चिकटवून तेच टोन पुन्हा फिरवले, खुळखुळणाऱ्या दोन शटरांना फेल्टची बटणे लावून दिली, आणि प्रोसेसरमध्ये रात्रीसाठी वेगळा प्रीसेट केला: ४० हर्ट्झखालचे सगळे १० डेसिबलने खाली, ट्रिम शून्यावर. दहा वाजले की तो घड्याळाने आपोआप लागतो.